तीन टक्क्यांचा परवाना

“कंपनीने टायर बारीक दिलेत. एक साइझ वर जा, गाडी बदलून जाईल.” स्पोर्टी सेडान घेणाऱ्याच्या कानावर हा सल्ला बहुधा पहिल्या सर्व्हिसिंगच्या आतच पडतो. देणारे वेगवेगळे असतात. टायरच्या दुकानाचा मालक असतो, सोसायटीच्या पार्किंगमधला जाणकार असतो, ऑफिसातला गाड्यांचा वेडा असतो. आधार मात्र सगळ्यांचा एकच: तीन टक्के. नव्या टायरचा व्यास मूळ व्यासापेक्षा तीन टक्क्यांच्या आत राहिला, की मूळ रिमवर हवं ते माप चढवायला मोकळीक, असा हा नियम सांगितला जातो.

तीन टक्क्यांचा हिशेब खोटा नाही. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: स्पीडोमीटर किती चुकेल? रिमला ते माप झेपेल का, सस्पेन्शनला घासेल का, गाडीचं वजन पेलेल का, भर पावसात रस्ता धरेल का, यांपैकी एकाही प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. एका खिडकीवरची पावती दाखवून अख्ख्या कचेरीतली कामं करून घ्यावीत, तसा आपण हा आकडा वापरतो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की रिम कारखान्याची ठेवणार असाल, तर टायर खुशाल बदला, पण माप बदलू नका.

हवेत बोलण्यापेक्षा एक गाडी समोर घेऊ. चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, १७९ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आणि २०५/५५ आर १६ हे टायर. तिच्याच साच्यातल्या स्कोडा स्लाव्हियालाही १६ इंची चाकांवर हेच माप येतं. म्हणजे टायरची रुंदी २०५ मिमी, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे जवळपास ११३ मिमी, आणि रिमचा व्यास १६ इंच. सगळं मिळून चाकाचा व्यास होतो साधारण ६३२ मिमी. या गाड्यांना सुचवली जाणारी मापं साधारणपणे तीन: २१५/५५, २२५/५५ आणि सगळ्यात लाडकं २१५/६०. त्यांचे व्यास अनुक्रमे ६४३, ६५४ आणि ६६४ मिमी. मूळ मापापेक्षा वाढ १.७, ३.५ आणि ५.१ टक्के. म्हणजे जो नियम तोंडावर फेकला जातो, तो यांतली दोन मापं स्वतःच मोडतात. तरी ती सर्रास चढतात, कारण दुकानात गणित कोणी करत नाही. टायर रिमवर बसला आणि गाडी जागेवर उभी असताना कुठे घासला नाही, की विषय संपला.

ही सवय आली कुठून, हे पाहिलं पाहिजे, कारण तिच्या मुळाशी चूक नव्हती. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बहुतेक गाड्या खरोखरच बारीक टायरवर यायच्या. २००५ सालच्या मारुती स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ आणि वरच्या झेडएक्सआयला १८५/७० आर १४. खालचं व्हेरिएंट घेतलेले लोक वरच्याचे टायर घालायचे आणि गाडी खरोखर सुधारायची. पण या दोन मापांचे व्यास काढून पाहा: ६२० आणि ६१५ मिमी. फरक एक टक्क्याचाही नाही. शिवाय दुसरं माप त्याच कंपनीने, त्याच गाडीवर तपासून दिलेलं होतं. लोकांनी तेव्हा कारखान्याचा सल्ला झुगारला नव्हता, कारखान्याचाच दुसरा, जास्त चांगला सल्ला मानला होता. पुढे त्या अनुभवातली अट गळून पडली आणि उरलं एवढंच, की “मोठा टायर चांगला.”

गाड्या बनवणारे स्वतः माप कसं बदलतात, हे पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. युरोपात सातव्या पिढीची गोल्फ १९५/६५ आर १५, २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७ आणि २२५/४० आर १८ अशा मापांवर विकली गेली. रिम पंधरा इंचांवरून अठरावर गेली, रुंदी तीस मिलिमीटरने वाढली, पण चारही चाकांचे व्यास ६३२ ते ६३७ मिमीच्या मध्येच राहिले. आपल्याकडे आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचंही तसंच. २०१७ची गाडी सतरा इंची चाकांवर आली, २०२०ची अठरा इंची चाकांवर, आणि व्यासातला फरक तीन मिमी. रुंदी वाढली तर रिम बदलायची, रिम मोठी झाली तर टायरची भिंत कमी करायची, व्यासाला मात्र हात लावायचा नाही, असा हा शिरस्ता आहे. आपले सल्लागार नेमकं उलटं करतात. रिम तीच ठेवतात आणि व्यास फुगवतात.

आता त्यांचे युक्तिवाद एकेक घेऊ.

पहिला, आणि आपल्या रस्त्यांवर सगळ्यात गळी उतरणारा: ग्राउंड क्लिअरन्स. या गाड्या खाली लागतात, हे मान्य. पण टायरचा व्यास वाढला, तरी गाडी त्याच्या निम्म्यानेच वर उचलली जाते, कारण उरलेला निम्मा आसाच्या वर असतो. २१५/५५ने गाडी उचलली जाते साडेपाच मिलिमीटर. २१५/६०ने, म्हणजे सगळे नियम धाब्यावर बसवून, सोळा. चार माणसं बसली आणि डिकी भरली की सस्पेन्शन याहून कितीतरी जास्त दबतं. शिवाय सेडान स्पीडब्रेकरला घासते त्याचं कारण तिची लांबीही असते. व्हर्टसच्या पुढच्या-मागच्या चाकांत २६५१ मिमी अंतर आहे आणि उंचवट्याचा माथा नेमका त्या दोहोंच्या मध्ये येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असावा. तसा असेल तर मूळ टायरवरही गाडी सहज निघते. गल्लोगल्ली रातोरात डांबराचे जे ढिगारे ओतले जातात, त्यांच्यापुढे सोळा मिलिमीटरही पुरत नाहीत. तिथे गाडी तिरकी काढावी लागते आणि महापालिकेकडे तक्रार करावी लागते. ही दोन्ही कामं टायरवाला करून देत नाही.

दुसरा युक्तिवाद आरामाचा. “भिंत उंच झाली की खड्डे जाणवत नाहीत, रिम वाकत नाही.” हे खरं आहे. २१५/६०मध्ये रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सोळा मिमी रबर आणि हवा वाढते. धारदार खड्ड्यात त्याने एखादी रिम वाचूही शकते. पण याची किंमत कशात मोजायची? स्टिअरिंग वळवलं की आधी टायरची भिंत मुरडते आणि मग गाडी वळते. भिंत जितकी उंच, तितकी ही मुरड जास्त आणि उत्तर तितकं उशिरा. जो माणूस स्टिअरिंग हलताच नाक वळवणारी गाडी हवी म्हणून उंच एसयूव्ही सोडून सेडानकडे आला, त्याने त्यासाठीच मोजलेले पैसे टायरच्या दुकानात सोडून यावेत, हे कुठलं शहाणपण? आरामच हवा असेल तर त्याच मापात मऊ बांधणीचे टूरिंग टायर मिळतात. आणि हवेचा दाब दाराच्या खांबावरच्या किंवा पेट्रोलच्या झाकणामागच्या स्टिकरप्रमाणे ठेवला, तरी निम्मी तक्रार मिटते. पंपावरचा मुलगा “पस्तीस मारू का?” म्हणतो आणि आपण मान डोलावतो, इथेच आपला आराम जातो.

दाबाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं, की स्टिकरवरचा आकडा मूळ मापासाठीच असतो. नव्या मापाचा दाब त्यावर लिहिलेला नाही आणि दुकानदार सांगतो तो अंदाज असतो. त्यातून कोणी ‘एक्स्ट्रा लोड’ टायर घेतले तर गोंधळ आणखी वाढतो. २०५/५५ आर १६च्या टायरवर बहुधा ९१व्ही असं लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. ९४ क्रमांकाच्या एक्स्ट्रा लोड टायरची क्षमता ६७० किलो, पण ती त्याच्या जास्तीच्या दाबाला. जुन्याच दाबावर तो चालवला तर ते जास्तीचे किलो फक्त टायरच्या भिंतीवर छापलेले राहतात. उलट बाजूला गाडी जमिनीला चिकटलेली दिसावी म्हणून २०५/५० लावणारेही आहेत. त्या मापाचा साधा टायर ८७ क्रमांकाचा, म्हणजे ५४५ किलोचा असतो. एका आसावर १४० किलोंची क्षमता कमी झाली. दिवाळीला पाच माणसं आणि फराळाचे डबे घेऊन कोकणात उतरताना हा हिशेब किती जणांच्या डोक्यात असतो?

तिसरा युक्तिवाद पकडीचा: “रुंद टायर जास्त रस्ता धरतो.” कोरड्या रस्त्यावर, योग्य रिमवर, यात तथ्य आहे. पण टायर जमिनीला किती टेकतो, हे मुख्यतः त्याच्यावरचं वजन आणि आतला दाब यांवर ठरतं. टायर रुंद केला की टेकलेला भाग रुंद होतो आणि त्याच प्रमाणात लांबीला आखूड होतो. पावसात हेच अंगलट येतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारायचं असतं, आणि त्यासाठी मिळणारी लांबी कमी असते. खाचा तेवढ्याच झिजलेल्या असतील, तर रुंद टायर अरुंदापेक्षा कमी वेगाला पाण्यावर तरंगायला लागतो. जुलैतल्या पावसात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जो शंभरने जातो, त्याने पकड रुंदीत शोधू नये. ती टायरच्या रबरात आणि खाचांच्या खोलीत असते. कायदा १.६ मिमीपर्यंत चालवून घेतो, पण शहाण्याने पावसाळ्याआधी त्याच्या बऱ्याच वर थांबावं.

चौथा युक्तिवाद सगळ्यात चलाख आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. काही जाणकार म्हणतात, “मग २२५/५० घाला. व्यास मूळ मापाइतकाच, फरक अर्ध्या मिमीचा.” गणित बिनचूक आहे. या मापापुढे तीन टक्क्यांचा नियम निरुत्तर होतो, आणि त्या नियमाचा तोकडेपणा नेमका इथेच उघडा पडतो. २२५/५० आर १६ हा टायर ज्या रिमवर मोजून २२५ ठरतो, ती रिम सात इंच रुंद असते. सहा ते आठ इंचांपर्यंत तो बसवायला परवानगी आहे, पण सहा ही त्याची खालची हद्द आहे. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने घटते. म्हणजे सहा इंची रिमवर तुम्ही पैसे मोजता २२५चे आणि हातात येतात २१५च्या आसपास. शिवाय दोन्ही भिंती आत ओढल्या गेल्याने टायर बाहेर फुगतो, माथा किंचित गोल होतो, मधला भाग आधी झिजतो आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. रुंदीचा दिखावा मिळाला, रुंदीचा फायदा गेला. आपली रिम किती रुंद आहे, हे तिच्या आऱ्यांच्या मागच्या बाजूला कोरलेलं असतं: सहा जे, साडेसहा जे वगैरे. ते न वाचताच “बसेल साहेब” म्हणणाऱ्या दुकानदाराला तिथेच थांबवा.

बसण्याचंही तेच. उभ्या गाडीत टायर आणि शॉकअॅब्सॉर्बर यांच्यामध्ये बोट घालून “बघा, जागा आहे” असं दाखवलं जातं. पण टायर घासतो तो उभ्या गाडीत नाही. घाटातल्या हेअरपिन वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतं, गाडी भरलेली असते आणि नेमका त्याच वेळी खड्डा लागून सस्पेन्शन दबतं, तेव्हा तो मडगार्डच्या आतल्या लायनरला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला जाऊन लागतो. कारखाना गाडीचा अभ्यास याच अवस्थेत करतो. दुकानातलं बोट तिथपर्यंत पोहोचत नाही.

पाचवा युक्तिवाद ताकदीशी जोडलेला आहे, पण तो कोणी उघड मांडत नाही, कारण तो उलटा जातो. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो. २१५/६० घातले तर रस्त्यावर पोहोचणारा जोर पाच टक्क्यांनी घटतो. म्हणजे २५० न्यूटन-मीटरची गाडी तुम्ही २३८च्या गाडीसारखी पळवता. ब्रेकचंही तसंच: तेवढाच जोर मिळवायला पेडल जास्त दाबावं लागतं. वर टायर स्वतः जड, आणि ते वजन चाकाच्या कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यात महाग पडतं. हेच लोक पुढे “पिकअप कमी वाटतो” म्हणून इंजिनाच्या रीमॅपवर पैसे खर्च करतात. आणि “मायलेज पडलं” म्हणतात, तेव्हा निम्मं मायलेज पडलेलंच नसतं. ओडोमीटर पाच टक्के कमी किलोमीटर मोजत असतो. म्हणजे सर्व्हिसिंगही तेवढंच उशिरा होतं.

राहिला स्पीडोमीटर, म्हणजे तीन टक्क्यांचं खरं घर. समर्थक म्हणतात, की बहुतेक मीटर थोडा जास्तच वेग दाखवतात, मोठ्या टायरने ते उलट खरे होतात. लहान बदलाला हे लागू पडतं, हे मी मान्य करतो. पण संयुक्त राष्ट्रांचा युरोपात लागू असलेला ३९ क्रमांकाचा नियम एक बाजू पूर्ण बंद करतो. मीटर खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवू शकतो, कमी कधीच नाही. समजा मीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी खरी ९६ने धावते. २१५/५५वर ती ९८च्या जरा आत राहील. २१५/६०वर १०१ होईल, म्हणजे मीटर खोटं बोलायला लागला. रस्त्यावरचा कॅमेरा तुमच्या मीटरकडे बघत नाही.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कधीच येत नाही: स्टेपनी. चार टायर मोठे होतात, पाचवा मूळ मापाचा राहतो. पुढचं एक चाक पंक्चर झालं की एका आसावर एक चाक ६६४ आणि दुसरं ६३२ मिमीचं. सरळ रस्त्यावरही डिफरेन्शिअल सतत काम करत राहतो. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांच्या वेगांची तुलना करूनच निर्णय घेतात, त्यामुळे त्यांना एक चाक कायम घसरत असल्यासारखं दिसतं. चारही टायर सारखे असताना या यंत्रणा बहुतेक वेळा तो बदल निभावून नेतात. गाठ पडते ती रात्री, पावसात, पंक्चरच्या वेळी.

कायद्याचा बागुलबुवा मी उभा करणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ती अधोरेखित केली. तरी टायरच्या एका मापावरून आपल्याकडे सहसा कोणी अडवत नाही. जर्मनीत मात्र गाडीच्या कागदांत न बसणारं माप घातलं तर अधिकृत तपासनीसाकडून गाडी तपासून नोंद करून घ्यावी लागते. अडवणारं कोणी नसल्यामुळे आपल्याकडे जबाबदारी मालकावरच येते, एवढाच याचा अर्थ.

“कंपनी पैसे वाचवायला हलके टायर देते,” हा शेवटचा आरोप मला पुष्कळ अंशी पटतो. नव्या गाडीवर येणारा टायर अनेकदा इंधन आणि किंमत वाचवण्यासाठी निवडलेला असतो, ओल्या रस्त्यावरची पकड मागे पडते. पण हा दोष टायरच्या जातीचा आहे, मापाचा नाही. २०५/५५ आर १६ हे जगातल्या सगळ्यात प्रचलित मापांपैकी एक आहे. मिशलिन, काँटिनेंटल, ब्रिजस्टोन, योकोहामा, अपोलो, ज्याला जे परवडेल ते या मापात आहे. वरच्या मापाला जाऊन मध्यम टायर घेण्यापेक्षा मूळ मापात उत्तम टायर घेणं कधीही सरस.

अपवाद दोनच. उत्पादकाच्या पुस्तिकेत तुमच्या गाडीसाठी दुसरं माप दिलं असेल, तर ते बेलाशक वापरा. किंवा मूळ माप बाजारातून खरंच नाहीसं झालं असेल, तर रिमची रुंदी, भारक्रमांक, व्यास आणि पूर्ण वळणावरची जागा हे चारही तपासून सगळ्यात जवळचं माप घ्या आणि स्टेपनीही त्याच मापाची करा.

बाकीच्यांनी पुढच्या वेळी दुकानात जाताना एवढंच करावं. दाराच्या खांबावरचं माप लिहून न्यावं, भारक्रमांक आणि वेगाचं अक्षर मूळच्या खाली जाऊ देऊ नये, टायरच्या भिंतीवरचे उत्पादनाच्या तारखेचे चार आकडे वाचावेत (२३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा), अलाइनमेंट करून घ्यावी आणि “एक साइझ वर जाऊ या का?” या प्रश्नाला नाही म्हणावं. ज्याला सोळा मिलिमीटर उंच गाडी हवी आहे, त्याने उंच गाडी विकत घ्यावी. सेडानला सेडान राहू द्यावं.